चारची मेल

आमच्या कॉलेजात मेल दिवसातून दोनदा उतरते, सकाळी अकराला आणि दुपारी चारला. मधल्या वेळात कुणी कितीही तातडीची पाठवो, ती वर जिथं कुठं असते तिथंच थांबते. मी बटण दाबलं की खाली येते. बाहेरच्या लोकांना हे ऐकून हसू येतं. येऊ दे. त्यांना रजिस्टर लिहावं लागत नाही.

मी अनवरी शेख. पुंडलिकनगरच्या बाजूला एक अनुदानित कॉलेज आहे, तिथं आवक-जावक लिपिक. नोकरीला एकतीस वर्षं झाली, एप्रिलअखेर निवृत्त होतेय. पूर्वी पोस्टमन पाकिटं आणून टाकायचा, आता मेल येते, पण शिक्का आणि नंबर तेच राहिले. मेल उतरली की मी ती छापते, वर शिक्का मारते, नंबर टाकते, तारीख-वेळ लिहिते आणि मग ती कॉलेजला मिळाली असं धरतात. पाठवणाऱ्यानं पाठवली म्हणजे मिळाली, असं आमच्याकडे नसतं.

सुरुवातीला हा मेलचा प्रोग्राम दर दहा मिनिटांनी आपणहून वर जाऊन असेल नसेल ते घेऊन यायचा. टिंग वाजायचं आणि यादी सरकायची. एकीचा नंबर लिहितोय तोवर तिच्या डोक्यावर दुसरी येऊन बसलेली. एकदा दोन कागदांना एकच नंबर पडला आणि त्या वेळचे प्राचार्य परीक्षेच्या बैठकीला खडूच्या डब्यांचं दरपत्रक घेऊन गेले.  परत आल्यावर त्यांनी कार्यालयीन आदेश काढला की मेल दिवसातून दोन वेळा, ठरल्या वेळीच उतरवावी. संगणक विभागातल्या याह्यानं सेटिंगमध्ये जाऊन ‘दर दहा मिनिटांनी तपासा’ याच्या समोरची खूण काढली. ‘प्रोग्राम उघडताच तपासा’ समोरचीही काढली. त्याला आता अकरा वर्षं झाली.

या अकरा वर्षांत लोकांनी लाडीगोडी कमी लावली नाही. कुणाला आपली मेल लवकर उतरवून हवी असते, कुणाला नको असलेली मेल उद्यावर ढकलायची असते. एका सरांनी रमजानात दोन किलो खजूर आणून दिला होता. खजूर घेतला, मेल चारलाच उतरवली. माझा स्वभावच तसा आहे. घरी इब्राहीम, म्हणजे माझा नवरा, म्हणतो की तुझ्यापेक्षा घड्याळ बरं, त्याला निदान किल्ली देऊन पुढेमागे करता येतं.

रामेश्वर आमच्याकडे रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर आहे. दौलताबादचा, धनगराच्या घरातला. थोरला भाऊ बिरू अजून मेंढरं राखतो, हा शिकला आणि नोकरीला लागला. एकवीस वर्षं झाली त्याला. मला आपा म्हणतो, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं. आमचं फार गूळपीठ होतं असं नाही. साठ्याचं रजिस्टर तो नेहमी अ‍ॅसिडचे डाग पाडून परत करायचा आणि मी नेहमी त्याच्यावर तोंड सोडायची. पण माणूस सरळ. सुट्टीच्या दिवशी प्रयोगशाळेचा नळ गळत असेल तर दौलताबादहून येऊन बंद करून जाणारा.

जानेवारीतला गुरुवार होता. हजेरीचं अंगठ्याचं मशीन माझ्या खिडकीच्या शेजारी भिंतीवर लावलेलं आहे. रामेश्वर दहाला दहा कमी असताना आला. मी स्वतः पाहिलं. पण एकवीस वर्षं अ‍ॅसिडच्या बाटल्या विसळून त्याच्या बोटांच्या रेषा गेल्या आहेत आणि मशीन त्याचा अंगठा घेत नाही. त्यानं हात धुतले, शर्टाला पुसले, पुन्हा लावला, डावा लावला. मशीननं घेतला तेव्हा दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. नेमके तेव्हाच प्राचार्य आले.

आमचे प्राचार्य प्रभारी आहेत. दीड वर्ष झालं तरी प्रभारीच, म्हणून मागे सगळे त्यांना नुसतं प्रभारी म्हणतात. त्यांनी मशीनवरची वेळ पाहिली. रामेश्वर अंगठा दाखवून सांगायला लागला. त्याचं ऐकून न घेता ते म्हणाले, “मेंढरामागं हिंडणाऱ्यांना घड्याळ कशाला लागतं? तुम्ही लोक तिकडंच बरे होतात.”

आवाज चढवलेला नव्हता. बोलता बोलता म्हणावं तसं म्हणाले. दोन पोरी बोनाफाइडसाठी उभ्या होत्या, त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. मी खिडकीत होते, तीन फुटांवर. ‘तुम्ही लोक’ हे दोन शब्द माझ्याही ओळखीचे आहेत, मलाही ते वेगवेगळ्या तोंडांतून ऐकायला मिळालेले आहेत. तरी मी मान खाली घातली आणि रजिस्टरात तारीख लिहायला लागले. तारीख सकाळीच टाकलेली होती. मी तिच्यावरूनच पेन फिरवत राहिले. मला भीती वाटली, हे उघड सांगते. तीन महिने राहिलेत, निवृत्तीचे कागद याच माणसाच्या सहीनं जायचेत, हेच तेव्हा डोक्यात होतं.

बाराच्या सुमारास रामेश्वर प्रयोगशाळेतून हातात कागद घेऊन आला. राजीनामा. प्रभारींनी तो वाचला आणि परत दिला. नोव्हेंबरात त्यांनीच परिपत्रक काढलं होतं की यापुढे सगळे अर्ज मेलनंच घेतले जातील. ते म्हणाले, कागद चालत नाही, मेल करा. बोलताना त्यांच्या ओठांवर हसू होतं, ते मी पाहिलं. एक जागा रिकामी झाली की ती भरायला किती जण पैसे घेऊन तयार असतात, हे आमच्याकडे शिपायालाही माहीत असतं.

रामेश्वरनं वऱ्हांड्यात खांबाला टेकून एका बोटानं दहा मिनिटं टाइप केलं. मग खिडकीशी येऊन म्हणाला की पाठवला, बघा आता. माझ्याकडे न बघता म्हणाला. गाडी काढली आणि गेला.

प्रभारी लगेच माझ्या टेबलाशी आले. मेल उतरवा म्हणाले. मी सांगितलं, सर, अकरा आणि चार. बदलायचं असेल तर लेखी आदेश द्या, मी त्याला जावक नंबर टाकते आणि उतरवते. दुसरीकडून ती मेल बघायची सोय त्यांना नव्हती. कॉलेजच्या मेलचा पासवर्ड या संगणकाच्या पोटात साठवलेला आहे, तो कुणालाच आठवत नाही. दुसरीकडे उघडायची म्हटलं तर ओटीपी जातो जुन्या प्राचार्यांच्या मोबाइलवर, आणि ते पुण्याला मुलाकडे राहतात, दुपारी फोन उचलत नाहीत. प्रभारींनी घड्याळ पाहिलं. संस्थेचे सचिव दर गुरुवारी साडेचारला येतात आणि आठवड्याभराच्या कागदांवर सह्या करून जातात. राजीनामा मंजूर करायचा अधिकार त्यांचा.

“चार तर चार,” प्रभारी म्हणाले. “छापून थेट माझ्याकडे आणा.”

ते गेल्यावर मी डबा उघडला आणि तसाच बंद केला. एकतीस वर्षं हे कागद हाताखालून गेल्यामुळे मला एक गोष्ट माहीत होती, जी रामेश्वरला माहीत नसणार. राजीनामा दिला की मागची सगळी सेवा पुसली जाते. एकवीस वर्षं काम केलेलं नसल्यासारखं होतं आणि पेन्शनचा प्रश्नच उरत नाही. वीस वर्षं झालेल्या माणसाला जायचंच असेल तर त्यानं स्वेच्छानिवृत्ती मागायची, तीन महिन्यांची नोटीस द्यायची आणि पेन्शन घेऊन ताठ मानेनं जायचं. घरी बसायचं ते दोन्हीकडे सारखंच. पण रामेश्वरनं रागात राजीनामा लिहिला होता. त्यावर सचिवांची सही होईपर्यंत तो त्याला मागे घेता येत होता. सही झाली की संपलं. साडेचारला सही होणार होती, आणि तो मेलनं आलेला असल्यामुळे मागे घ्यायचाही मेलनंच.

मी रामेश्वरला फोन लावला, बंद होता. मग सृष्टीला लावला, त्याच्या मुलीला. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, अभ्यासाची सुट्टी म्हणून घरीच होती. तिला काहीच माहीत नव्हतं. तिला सगळं समजावून सांगायला दहा मिनिटं गेली. पोरगी हुशार, रडली वगैरे नाही. म्हणाली, आप्पा रागावले की घरी येत नाहीत, काकाकडं जातात. बिरू काकाची मेंढरं या आठवड्यात कागजीपुऱ्याच्या पलीकडं एका तूर निघालेल्या रानात बसवली आहेत, मी स्कूटीवर जाऊन बघते.

दीड वाजला, दोन वाजले. मी जावकेची पाकिटं केली, शिक्क्याच्या पॅडला शाई लावली, एकीला बोनाफाइड दिलं आणि दुसरीला चुकीच्या वर्षाचं दिलं. तीन वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. सृष्टी म्हणाली की आप्पा सापडले, पण ऐकत नाहीत, तुम्ही बोला. तिनं फोन त्याच्या हातात दिला. मागं मेंढरांचा आवाज येत होता.

मी त्याला राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती यांतला फरक सांगितला. तो ऐकत होता. मला वाटलं, पटलं. मग तो म्हणाला, “नोकरीचं राहू द्या, आपा. तुम्ही तिथंच होत्या.”

मी म्हटलं, हो.

“मी किती वाजता आलो ते तुम्हाला ठावं होतं. तुम्ही एक शब्द बोलल्या नाय.”

“नाही बोलले,” मी म्हटलं. “भ्याले.”

  मी त्याला माफ कर वगैरे म्हटलं नाही, तेवढा वेळही नव्हता आणि तसं म्हणून मोकळं व्हायचा हक्कही नव्हता. मी एवढंच म्हटलं की माझ्यावर हवा तितका राग धर, पण त्या माणसाला तुझी एकवीस वर्षं फुकट देऊ नकोस. तुला जायचंच आहे ना, मग जा, पण आपलं घेऊन जा.

शेवटी त्यानं विचारलं की काय लिहू. मी सांगितलं, दोन ओळी. राजीनामा रागाच्या भरात पाठवला, तो मागे घेतो आहे. सृष्टीनं त्याच्या फोनवर टाइप केलं. आणि मेल जाईना. त्या माळावर बोलण्यापुरती एक दांडी येत होती, मेलचं चाक नुसतं फिरत होतं. मी म्हटलं, खाली रस्त्यावर या, घाट उतरा, जिथं रेंज येईल तिथून पाठवा. तेव्हा तीन पस्तीस झाले होते. सृष्टी म्हणाली की गाडी रानाच्या कडेला लावली आहे, तिथवर चालतच जावं लागेल, मग घाट, तास-सव्वा तास धरा.

चार वाजले.

बटणावर ‘गेट मेसेजेस’ लिहिलेलं आहे. अकरा वर्षांत चारच्या ठोक्याला ते मी दाबलं नाही असं झालं नव्हतं. अब्बा गेले त्या दिवशीसुद्धा चारची मेल उतरवून मग मी रजेचा अर्ज टाकला होता, एवढी मी येडी. त्या दिवशी मी हात मांडीवर ठेवले. आता दाबलं तर एकटा राजीनामा खाली येणार होता. दोन्ही मेल बरोबर आल्या तर मंजूर करायला काही उरणार नव्हतं. मधलं अंतर अर्ध्या-पाऊण तासाचं होतं आणि ते फक्त माझ्या हातात होतं. मी संगणकाला कुलूप लावलं, म्हणजे पडदा बंद केला. तो उघडायचा पासवर्ड माझा.

चार वाजून पाच मिनिटांनी प्रभारी आले. मेल उतरवली का, विचारलं. मी नाही म्हटलं. चार वाजले, ते म्हणाले. मी हो म्हटलं. मग का नाही? मी म्हटलं की थोडी थांबतेय. त्यांनी माऊस हलवला, पडद्यावर पासवर्डची चौकट आली. ते माझ्याकडे बघत राहिले. 

त्यांनी याह्याला बोलावलं आणि मशीन उघडायला सांगितलं. याह्या खुर्ची ओढून बसला, दोनतीन कळा दाबल्या, म्हणाला की लॉगिन मॅडमचं आहे, रीसेट करावं लागेल, बघतो. प्रभारी जरा दूर गेल्यावर तो हळूच म्हणाला, “आपा, नेट बंद है बोल दूँ क्या?”

“नक्को,” मी म्हटलं.

का नको म्हटलं, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. नेट बंद होतं हे आमच्याकडचं राजमान्य कारण आहे. मीच असे शंभर खुलासे आवक केलेत आणि ते वाचून नाक मुरडलंय. पण त्या दिवशी सकाळी एकदा मान खाली घालून झाली होती. पुन्हा घालायची माझी तयारी नव्हती.

साडेचारला सचिव आले. केबिनमध्ये चहा गेला. शिपाई दोनदा येऊन मेल आणायला सांगून गेला. याह्या पडद्याकडे बघत मिशी खाजवत बसला होता. चार वाजून पन्नास मिनिटांनी फोन वाजला. “आत्या, गेली. सेंटमधी दिसतेय,” सृष्टी म्हणाली. ती धापा टाकत होती.

मी याह्याला उठवलं, पासवर्ड टाकला आणि बटण दाबलं. चार मेल उतरल्या. विद्यापीठाची एक, शिष्यवृत्तीची एक, आणि रामेश्वरच्या दोन. दोन्ही छापल्या. राजीनाम्याला सहाशे अठराचा नंबर टाकला, मागे घेतल्याच्या मेलला सहाशे एकोणीसचा, दोन्हींवर आवक वेळ चार वाजून बावन्न लिहिली. शिपायाच्या हाती न देता मीच केबिनमध्ये गेले आणि टाचणी लावून दोन्ही सचिवांसमोर ठेवल्या. त्यांनी पहिला वाचला, दुसरा वाचला, प्रभारींना म्हणाले की अहो, यानं परत घेतलाय की. आणि पुढची फाईल ओढली.  मी बाहेर येऊन पाणी प्यायले. इतकं बरं बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

शुक्रवारी रामेश्वर कामावर आला. मी त्याला स्वेच्छानिवृत्तीच्या नोटिशीचा मसुदा करून दिला, त्यानं तो टाइप करून मेलनं पाठवला आणि अकराच्या मेलमध्ये तो रीतसर आवक झाला. आमचं बोलणं कामापुरतंच झालं. त्यानं आपा म्हटलं, पण पूर्वीसारखा टेबलाशी रेंगाळला नाही.

त्याच दुपारी मला मेमो मिळाला. चारची मेल बावन्न मिनिटं उशिरा का उतरवली, ही कर्तव्यातली कसूर का समजू नये, तीन दिवसांत खुलासा करावा. सेवापुस्तकात नोंद घेण्याची भाषा होती. एकतीस वर्षांत माझ्या सेवापुस्तकात असली एकही नोंद नाही.

हर्सूलला घरी गेल्यावर इब्राहीमला मेमो दाखवला. तो शिलाई मशीनं दुरुस्त करतो, त्याला प्रत्येक गोष्ट तेल घातलं की चालेल असं वाटतं. म्हणाला, लिहून टाक की नेट नव्हतं, तीन महिन्यांसाठी कशाला डोक्याला ताप. मी म्हटलं, नेट होतं. तो म्हणाला, तुला माहीत आहे होतं ते, कागदाला कुठं माहीत आहे? त्याच्या दृष्टीनं त्याचं बरोबर होतं.  रविवारी मटण मात्र त्यानं स्वतः जाऊन आणलं.

सोमवारी सकाळी आठ वाजता मी माझ्या मोबाइलवरून खुलासा कॉलेजच्या मेलवर पाठवला. अर्ज मेलनंच, असं परिपत्रकच आहे. मग बस धरून कामावर आले.

पावणेअकराला प्रभारी माझ्या खोलीत आले. खुलाशाची मुदत आज संपते, म्हणाले. मी सांगितलं की पाठवलाय, अकराला उतरेल. काय कारण दिलंय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं की गुरुवारी सकाळी मशीनपाशी तुम्ही जे बोललात ते लिहिलंय, जसंच्या तसं.

ते समोरच्या खुर्चीवर बसले. दीड वर्षात ते माझ्या खोलीत पहिल्यांदाच बसले असतील. बराच वेळ त्यांनी टेबलावरची टाचण्यांची डबी फिरवली. मग म्हणाले की त्या दिवशी ते बोलण्याच्या भरात होतं, मनात काही नव्हतं. मेमो ते परत घ्यायला तयार होते. सेवापुस्तकाला हातही लागणार नव्हता, निवृत्तीचे कागद याच आठवड्यात पुढे पाठवतो म्हणाले.

“ती मेल आज उतरवायची काय घाई आहे, मॅडम?” ते म्हणाले. “राहू द्या ना वरच.”

मला मोह झाला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. मागच्या गुरुवारी मीच एक मेल बावन्न मिनिटं वर ठेवली होती आणि जगबुडी झाली नव्हती. ही कायमची वर ठेवली असती तर कुणाला कळलंही नसतं. रामेश्वरचं काम झालेलं होतं. मी पाठवलंय हे त्याला माहीतसुद्धा नव्हतं. मी घड्याळाकडे बघत बसले. प्रभारीही बघत होते.

अकरा वाजले आणि मी बटण दाबलं.

सहा मेल उतरल्या, माझी तिसरी. छापली, शिक्का मारला, सहाशे छत्तीसचा नंबर टाकला. प्रत्येक आवक कागदावर प्राचार्यांनी ‘पाहिले’ म्हणून सही करायची असते आणि मग तो गुरुवारी सचिवांच्या ट्रेमध्ये जातो. मी तो त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी उभ्यानंच वाचला.

‘गुरुवारी चारची मेल मी चार वाजून बावन्न मिनिटांनी उतरवली. नेट चालू होते, संगणक ठीक होता, वेळ मला माहीत होती. श्री. रामेश्वर यांची दुसरी मेल येईपर्यंत मी जाणूनबुजून थांबले. विचारलेला उशीर बावन्न मिनिटांचा आहे. माझा खरा उशीर चार दिवसांचा आहे. त्याच दिवशी सकाळी ते वेळेत आलेले मी पाहिले होते, आणि दहा वाजून बारा मिनिटांनी त्यांना पुढील शब्द बोलले गेले ते मी तीन फुटांवरून ऐकले. तेव्हाच बोलायला हवे होते. बोलले नाही, म्हणून आज लिहून देत आहे.’ खाली ते शब्द होते, आणि कोण बोललं ते होतं.

प्रभारींनी सही केली नाही. कागद टेबलावर ठेवून ते निघून गेले. मी शेऱ्याच्या रकान्यात ‘दाखवले, सही नाही’ असं लिहिलं आणि वेळ टाकली. मेमोचं माझ्या सेवापुस्तकात पुढे काय व्हायचं ते होईल. सचिव गुरुवारी येतील तेव्हा येतील.

मग एक प्रत काढली आणि प्रयोगशाळेत गेले. रामेश्वर बेसिनपाशी परीक्षानळ्या धूत होता. त्यानं हात पुसले, कागद घेतला आणि ओळींखाली बोट फिरवत सावकाश वाचला. ते शब्द जिथं होते तिथं बोट थांबलं, मग पुढे गेलं. शेवटपर्यंत वाचून त्यानं कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

“हे त्या दिवशी बोलल्या असत्या ना, आपा,” तो म्हणाला, “तर मी राजीनामा लिहिलाच नसता.”

मी म्हटलं, हो.  तो पुन्हा नळ्या धुवायला लागला. त्याच्या नोटिशीचे तीन महिने शुक्रवारपासून सुरू झाले होते. मी खोलीत परत आले. उरलेल्या तीन मेल छापायच्या होत्या.